सावित्रीबाई फुले : गाठीच्या तापाच्या वर्षी

दरवर्षी ३ जानेवारी जवळ आली म्हणजे संडे स्कूलच्या मुलांना सावित्रीबाई फुले यांची गोष्ट सांगावी, असा आमचा परिपाठ आहे. भोपाळच्या जवाहर चौकाच्या आसपास जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांपैकी काहींचे वडील-आजोबा १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली तेव्हा सरकारी नोकरीबरोबर नागपूरहून इकडे आले. त्यांची नातवंडे घरी मराठी बोलतात आणि हिशेब हिंदीत करतात. राहतात तात्या टोपे नगरात, पण हे तात्या येवल्याचे हे सांगितल्यावर चकित होतात. अशा मुलांना पुणे, नायगाव, हडपसर ही नावे कानांवर पडावीत एवढाच आमचा प्रथम हेतू होता.

परंतु मागील वर्षी ही गोष्ट सांगण्याची तयारी करीत असता आम्हांस लाज वाटण्याचा प्रसंग आला. आठ दिवसांपूर्वीच एका घरी स्त्रियांची प्रार्थनासभा झाली होती. सभा संपताना एका भगिनीने हळूच सांगितले की काखेत गाठ आली आहे, तेवढी प्रार्थनेत आठवण ठेवा. आम्ही मोठ्या कळकळीने प्रार्थना केली, चहा घेतला आणि घरी आलो. गाठ केव्हापासून आहे, दुखते की नाही, कोणाला दाखविली काय, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. पुरुषाने असले काही विचारू नये असा संकोच, दुसरे काय? आणि मग सावित्रीबाईंच्या चरित्राचे शेवटचे पान आमच्यासमोर आले. ते पानही गाठीचेच आहे. म्हणून ह्या खेपेस ते चरित्र थोडे निराळ्या अंगाने सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. घरी शेतीवाडी होती, पण मुलीस अक्षर शिकविण्याची कल्पना त्या काळी पाटलाच्याही घरी नव्हती. त्यांच्या लहानपणाची एक आठवण सांगतात, ती आपल्या वाचकांस विशेष आवडेल. शिरवळच्या बाजारात मिशनरी मंडळींनी त्या चिमुरडीच्या हाती एक पुस्तक दिले. घरी आल्यावर वडिलांनी ते फेकून दिले. मुलीने ते गुपचूप उचलून ठेविले आणि १८४० साली लग्न होऊन पुण्यास आली तेव्हा बरोबर आणिले. तिला त्यातील एक अक्षरही वाचता येत नव्हते. वय नऊ वर्षांचे, नवरदेव जोतीराव तेरा वर्षांचे.

जोतीरावांचे शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. त्यांना आईच्या मायेने वाढविणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर ह्या एका मिशनरी साहेबांच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. आजाऱ्याची व अनाथाची सेवा म्हणजे काय हे ह्या घराने प्रथम त्यांच्याकडून पाहिले. जोतीराव शिकत होते आणि शेतात, आंब्याच्या झाडाखाली, बायकोला व सगुणाबाईंना शिकवीत होते. पुढे अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले की अशी शाळा आपल्या लोकांनी आपल्या पुण्यात काढली पाहिजे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण मिस फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले. फुले दांपत्य ख्रिस्ती झाले नाही, हे येथे सरळ सांगून टाकू. पुष्कळ वेळा आपल्या सभांतून ह्या बाबतीत हात राखून बोलले जाते, ते बरोबर नाही. त्यांनी मिशनकडून जे घेतले ते उघडपणे घेतले आणि आपल्या वाटेने गेले.

१८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात सहा मुलींची शाळा भरली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शेण, चिखल, दगड यांची हकीकत आता शाळेच्या पुस्तकांतूनच मुले वाचतात. म्हणून आम्ही ती लांबवीत नाही. एवढेच सांगतो की त्या घरून निघताना एक लुगडे जास्तीचे नेत, शाळेत पोचल्यावर घाणीने भरलेले बदलीत, आणि परतताना पुन्हा तेच नेसत. ह्या धोरणीपणाचे आम्हांस फार कौतुक वाटते. रडण्यापेक्षा दुसरे लुगडे बरोबर घेणे, हा त्यांचा स्वभाव पुढे प्रत्येक ठिकाणी दिसतो. १८४९ साली सासऱ्यांनी घराबाहेर काढले तेव्हा उस्मान शेख यांनी घर दिले, आणि त्यांच्या कुटुंबातील फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकविण्याच्या कामात उतरल्या. १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे फुल्यांचा सत्कार झाला. १८५४ साली सावित्रीबाईंचा पहिला कवितासंग्रह निघाला. आणि १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील मुलीचा निबंध अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या ज्ञानोदय पत्रात छापून आला. संडे स्कूलच्या शिक्षकांनी हा निबंध मुलांना जरूर मिळवून द्यावा. लिहिणारी मुलगी त्यांच्याच वयाची होती.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावास गेल्या. तेथून त्यांनी पतीस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भावाने शुश्रूषा केली, पण तुम्ही दोघे महारामांगांसाठी जे करता ते कुळास बट्टा लावणारे आहे असेही त्याने ऐकविले, आणि आपण त्यास काय उत्तर दिले, हे त्या पत्रात आहे. आजारपणातही बाईंचा विचार शाळेचाच.

पुढच्या चाळीस वर्षांची कामे मोजावयाची तर एक अंक पुरणार नाही. १८६३ साली त्यांनी घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी येथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, नाव कोणी विचारणार नाही. सावित्रीबाई स्वतः ही बाळंतपणे पाहत. अशाच काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ च्या सुमारास ह्या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेविले. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई ओतूरकडे जुन्नर भागात फिरत होत्या, आणि धनकवडीच्या अन्नछत्रात उपाशी पोरांना जेवू घालीत होत्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. त्या वेळी टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काचा वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले व अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

यशवंताला त्यांनी डॉक्टर केले. आमच्या मते ह्या चरित्रातील ही एक मोठी गोष्ट आहे आणि भाषणांतून ती नेहमी सुटते. जे मूल जन्मतःच गळा दाबून कचऱ्यात जावयाचे, ते लष्कराच्या वैद्यकीय खात्यात नोकरी करू लागले. हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी १८८९ साली त्याचे लग्न झाले होते, त्यामुळे हडपसरचा ससाण्यांचा मळा हे फुल्यांचे हक्काचे ठिकाण झाले.

आता त्या वर्षाकडे येऊ.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ आली, आणि तेथेच येर्सें व कितासातो ह्या दोन शास्त्रज्ञांनी त्या रोगाचे जंतू पाहिले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने पटापट मरू लागले. तेथे एका गोवेकर डॉक्टरांनी, अकासिओ व्हिएगस यांनी, रोग्यांच्या अंगावरील गाठी पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. हे निदान ऐकून घ्यावयास प्रथम कोणी राजी नव्हते. व्यापार बुडेल, बंदर बंद होईल, ही भीती. मुंबईचे लोक गाव सोडून पळू लागले आणि आगगाडीबरोबर रोगही पुण्यास आला. १८९७ चा जानेवारी उजाडला तेव्हा पुण्याच्या पेठांतून गाठीचा ताप घरोघर दिसू लागला होता.

ही गाठ म्हणजे काय, हे शिक्षकांनी नीट समजून घ्यावे, कारण मुले विचारतात. आपल्या काखेत, जांघेत, मानेत वाटाण्यापेक्षाही लहान अशा पुष्कळ ग्रंथी असतात. त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. हाताला, छातीला, स्तनाला जे काही विषारी होईल ते गाळून धरण्याचे काम काखेतील ग्रंथी करितात. पायाचे काम जांघेतील ग्रंथी करितात. पायाला ठेच लागून ती पिकली की जांघेत अवधाण येते, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. ती ग्रंथीच सुजलेली असते. प्लेगचे जंतू उंदरावरील पिसवांच्या चावण्यातून शरीरात जातात. पिसू पायाला चावली तर जांघेत, हाताला चावली तर काखेत गाठ उठते. दोनपासून सहा-सात दिवसांत थंडी वाजून ताप चढतो, डोके फुटू लागते आणि गाठ इतकी दुखते की हात अंगाजवळ आणवत नाही. औषधोपचार नसेल तर ह्या तापात निम्मे आणि त्याहून अधिक रोगी दगावतात.

पण १८९७ साली पिसवेची गोष्ट कोणासच माहीत नव्हती. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने ती कराचीत शोधून काढिली ती पुढच्या वर्षी, १८९८ साली. आणि तेव्हाही विद्वान मंडळी तिला हसली. पुण्यात लोक हवा, घाण, देवीचा कोप, साहेबाचे विष, अशी नाना कारणे सांगत. मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. परंतु ती गावोगाव पोचावयास अजून अवकाश होता. डॉक्टरच्या हाती रोग्यास पाणी, पेज, मोकळी हवा, गाठ पिकल्यास चिरून पू काढणे आणि रात्रंदिवस शुश्रूषा, ह्यांपलीकडे फारसे काही नव्हते.

आणि गाठ झाली तरी लोक ती दाखवीत नसत. ह्याचे कारण केवळ अडाणीपणा असे म्हणणे अन्यायाचे होईल. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. स्टेशनांवर उतारूंना उभे करून त्यांच्या काखा व जांघा तपासण्यात येऊ लागल्या. त्यात बायकाही आल्या. ज्या बाईने परक्या पुरुषापुढे डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिने फलाटावर हात वर करून उभे राहावयाचे! घरात रोगी सापडला तर त्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत नेत. सामान जाळीत, घर चुन्याने रंगवीत. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण तो फार उशिरा नेलेला असे. आणि तो परत येत नाही म्हणून पुढचा रोगी आणखी उशिरा बाहेर काढीत. असे हे चक्र होते. पुण्यास प्लेग कमिटीचे प्रमुख रँड साहेब आले. मार्चच्या मध्यास त्यांनी घरझडतीच्या कामावर सैनिक नेमले, आणि २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळी झाडली. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनीही त्या मे महिन्यात मुंबईच्या बॉम्बे गार्डियन ह्या ख्रिस्ती पत्रातून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीरपणे तक्रार केली. सरकारचा रोष होईल म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, ही गोष्ट आपल्या लोकांनी अभिमानाने सांगावी.

अशा वेळी सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी काय केले? त्यांनी मुलास पत्र पाठवून रजेवर बोलावून घेतले. म्हाताऱ्या आईने मुलाला साथीच्या गावापासून दूर ठेवावयाचे, हा जगाचा रिवाज. ह्यांनी त्याला साथीत बोलाविले. डॉक्टर यशवंत आले. गावाबाहेर हडपसरला ससाण्यांच्या मळ्यात, मोकळ्या रानात, त्यांनी दवाखाना उघडला. तेथे झडती नव्हती, सोजीर नव्हते, जात विचारीत नव्हते. ज्याला गाठ आली असेल त्याने यावे, येववत नसेल त्याला सावित्रीबाई आणीत. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून फिरून रोगी शोधणे, त्यांना मळ्यात आणणे, त्यांच्या तोंडात पाणी घालणे हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते.

आम्हांस वाटते की ह्या मळ्याची खरी किंमत येथे आहे. औषध तर सरकारी इस्पितळातही नव्हते आणि येथेही नव्हते. मग फरक कोणता? फरक एवढाच की येथे बोलावणारी बाई ओळखीची होती. जिने तीस-चाळीस वर्षे त्याच लोकांच्या मुलींना अक्षरे शिकविली, विधवांची बाळंतपणे केली, दुष्काळात भाकरी दिली, ती जेव्हा दारात उभी राहून पोराला पाहू द्या म्हणते, तेव्हा आई पदराखाली झाकलेले मूल बाहेर काढते. हा विश्वास एका दिवसात मिळत नाही. कायद्याने तर मुळीच मिळत नाही.

मार्चच्या सुरुवातीस मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरी एक मूल तापाने फणफणले असल्याची खबर त्यांना लागली. मुंढवा व हडपसर ही शेजारची गावे. पण वाहन कोण देणार? प्लेगच्या रोग्यास, त्यातून महाराच्या मुलास, गाडीत कोण घेणार? सावित्रीबाईंनी मुलाला उचलले, पाठीवर घेतले आणि चालत निघाल्या. शेताच्या बांधावरून, उन्हाच्या कडाक्यात, सहासष्ट वर्षांची बाई आणि पाठीवर जळणाऱ्या अंगाचे पोर. हे चित्र इतक्या वेळा काढले गेले आहे की आपण त्याकडे नीट पाहतच नाही. आम्ही स्वतः संडे स्कूलमध्ये एका दहा वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फेऱ्या घातल्या. मुले हसली. पाचवी फेरी संपताना आमचे पाय लटपटत होते, आणि आमचे वय सावित्रीबाईंहून वीस वर्षांनी कमी आहे.

मूल मळ्यात पोचले. डॉक्टर यशवंतांनी त्याच्यावर उपचार केले आणि ते वाचले असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले. आज आपण जाणतो की मुलाच्या अंगावरच्या कपड्यांतील एखादी पिसू पुरेशी होती. किंवा वाड्यावस्त्यांतून फिरताना ती आधीच चावली असेल. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचा अंत झाला. शहरात सैनिकांची घरझडती सुरू होण्यास त्या वेळी दोन-तीनच दिवस उरले होते.

डॉक्टर यशवंत पुन्हा आपल्या नोकरीवर गेले. १९०५ साली पुण्यात प्लेग उसळला तेव्हा ते परत आले, रोग्यांची सेवा करू लागले आणि त्याच वर्षी तेही वारले. आईने बोलाविले म्हणून ते पहिल्यांदा आले होते. दुसऱ्यांदा बोलावणारे कोणी नव्हते.

त्या साथीने पुढील वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९४० नंतर स्ट्रेप्टोमायसिन आले आणि प्लेगची दहशत ओसरली. १९९४ साली सुरतेस साथीची आवई उठली तेव्हा पुन्हा लोक आगगाड्या भरभरून पळाले, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल; पण आता प्लेगवर वेळीच दिलेली साधी प्रतिजैविके गुणकारी ठरतात. वेळीच, हा शब्द मात्र बदललेला नाही.

मुलांना गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो. एकटे नाही, घरधनीणीला बरोबर घेतले, आणि बोलणे तिनेच केले. गाठ दिवाळीच्या आधीपासूनची होती. प्रथम ती काखमांजरी असेल म्हणून हळदीचा लेप लावला. मग कोणी जवसाची पोटीस सांगितली. दुखत नाही म्हणून बरे वाटले होते. येथे आम्हांस जे डॉक्टरांकडून कळले ते लिहितो, कारण हा गैरसमज सर्वत्र आहे. दुखणारी, लाल झालेली, ऊन लागणारी गाठ बहुधा पिकणारे गळू असते, किंवा हाताच्या जखमेमुळे सुजलेली ग्रंथी असते. ती पंधरा दिवसांत बसते किंवा फुटते. जी दुखत नाही, घट्ट लागते, बोटाखाली हलत नाही, दोन आठवडे उलटले तरी बसत नाही किंवा वाढतच जाते, तीच आधी दाखवावी. बरोबर बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे हे असेल तर ताबडतोब. आपल्या देशात अशी गाठ क्षयाची असू शकते. क्षय म्हणजे केवळ छातीचा असे नाही. स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी काखेतच दिसते, म्हणून डॉक्टर काखेबरोबर स्तनही तपासतात आणि तपासू द्यावेत. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो. आणि पुष्कळदा, हेही सांगितले पाहिजे, गाठ चरबीची किंवा अगदी निरुपद्रवी निघते. कोणती काय हे घरी बसून ठरत नाही. सोनोग्राफी करितात, बारीक सुईने गाठीतील चार थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुई टोचल्याने गाठ पसरते ही समजूत खोटी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपल्यात म्हण आहे. आम्ही प्रार्थनेकरिता गावभर निरोप धाडले होते आणि दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता.

त्या भगिनीचा संकोच निराळाच निघाला. डॉक्टर पुरुष असतील, हात वर करावा लागेल, ब्लाउज काढावा लागेल. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या फलाटावरील बाईला जे वाटले तेच. दुसरी भीती अशी की कर्करोग निघाला तर ईदगाह हिल्सवरच्या जवाहरलाल नेहरू कॅन्सर हॉस्पिटलात जावे लागेल, आणि एकदा तिकडे गेलेले शेजाऱ्यांना कळले की मुलीच्या लग्नाचे कसे होणार. घरधनीणीने तिला उपदेश केला नाही. उद्या सकाळी दहा वाजता मी खाली रिक्षा घेऊन उभी राहते, एवढेच तिने सांगितले, आणि डॉक्टरीणबाई पाहतील अशा दवाखान्याची चौकशी आधीच करून ठेविली.

सुईची तपासणी झाली. चार दिवसांनी निकाल आला. क्षयाची गाठ होती. सहा महिने रोज गोळ्या घ्यावयाच्या, त्या सरकारातून फुकट मिळतात, एकही दिवस चुकवावयाचा नाही. दोन महिन्यांत बरे वाटू लागले तेव्हा गोळ्या सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, पण घरधनीण दर शनिवारी जाऊन रिकामी पाकिटे मोजत असे.

ह्या वर्षी ३ जानेवारीच्या आधीच्या रविवारी मुलांना सावित्रीबाईंची गोष्ट आम्ही सांगितली नाही. त्या भगिनीनेच सांगितली. शेण-दगडांच्या भागावरून ती लवकर पुढे गेली आणि मुंढव्याच्या वाटेवर पुष्कळ वेळ थांबली. एका मुलीने विचारले की पाठीवरच्या मुलाची गाठ कोठे होती. आमच्या कोणत्याही पुस्तकात ते लिहिलेले नाही, असे सांगावयास आम्ही उठणार, तोच तिने आपला उजवा हात वर केला आणि डाव्या हाताच्या बोटांनी काखेत कसे चाचपून पाहावयाचे ते मुलींना दाखविले.